रावणाच्या डोक्यातले साडेबारा हजार

मु. सादडपाडा, ता. पेठ, जि. नाशिक
चैत्र वद्य पंचमी, १९९८

आदरणीय दाजींच्या चरणी,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे यादवचा, ओझरच्या दिशेने वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. म्हैस व्याली, आईचा खोकला थांबला. ललिताताई आणि पोरं बरी असतील. कारखान्यात तुमची बढती झाल्याचं कळलं, फार आनंद वाटला. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? (हे उगीच विचारत नाही, पण ते मागाहून.)

दाजी, जिंकलो! कोर्टात जिंकलो! पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, यादव नेहमीसारखा मधूनच सुरू झाला.

अक्षय्यतृतीयेला आपला बोहाडा, देव-राक्षसांच्या सोंगांचा उत्सव, हे तुम्हाला सांगायला नको. यंदा सोंगांचे जुने मुखवटे पार किडले होते. रावणाचे दोन चेहरे उंदरांनी खाल्ले, नरसिंहाचा जबडा लोंबायला लागला. गावाने घरटी वर्गणी काढली, साडेबारा हजार जमले, आणि ते घेऊन नाशिकच्या रंगाऱ्याकडे जायचं काम पंचांनी माझ्यावर टाकलं. (धोंडीराम तेव्हाच म्हणाला होता, “पैसं यादवकडं नका देऊ.” हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.) सोबतीला आपला झिपरू. एस.टी. स्टँडवर पाकीटमार फार, म्हणून मी अक्कल चालवली आणि नोटा रावणाच्या पोकळ डोक्यात कोंबून वरून चिंध्या लावल्या. रावणाच्या डोक्यात हात घालायची कुणाची छाती आहे?

हवालदाराची निघाली. त्याच आठवड्यात शहरात कुठल्याशा बंगल्यावर तोंडाला मुखवटे लावून चोरी झालेली, आणि आम्ही दोघं स्टँडवर मुखवट्यांचं पोतं घेऊन उभे! हवालदाराने विचारलं, हे काय. मी तोंड उघडायच्या आत झिपरू मोठ्या अभिमानाने बोलला, “रातचं तोंडाला लावतो साहेब. हातात तलवार घेतो. लय लोक घाबरत्यात. म्हाताऱ्या तर पैसं काढून देत्यात.” अहो, ओवाळणी म्हणायचं होतं त्याला! पण झिपरूला एवढं सुचतं तर काय पाहिजे होतं. रावणाचं डोकं फोडलं, नोटा बाहेर पडल्या, पंचनामा झाला, गुन्ह्यातली रक्कम असल्याचा संशय म्हणून पैसे जप्त. आम्हाला दोन दिवसांनी सोडलं, पैशांना नाही.

गावात आलो तर माझ्याकडे बघण्याची सगळ्यांची तऱ्हाच बदललेली. पाणवठ्यावर मी गेलो की बायका घागरी उचलून चालू लागायच्या. धोंडीराम तर देवळात बसून सांगायचा, पोलिसांचं निमित्त आहे, पैसे यादवने खाल्ले. दाजी, खोटं कशाला बोलू, घरात कोंडून घेऊन रडलो मी. बोहाडा बुडाला असता तर माझ्या नावानेच बुडाला असता.

मग केला वकील, दिला अर्ज. वकील म्हणाले, ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी कोर्टात येऊन आपापला आकडा सांगावा, म्हणजे पैसे गावाचेच ठरतील. आम्ही टेम्पो भरून गेलो. आता तुम्ही आपली रीत जाणता. ज्याची बोली मोठी त्याला मानाचं सोंग, आणि बोली लागते देवळापुढे, मोठ्याने नावं पुकारून. तिथे पट्टेवाल्याने दारात उभं राहून पहिलं नाव पुकारलं मात्र, आणि आपल्या लोकांच्या अंगात आलं!

धोंडीरामने दिले होते तीनशे. शपथ घेऊन म्हणाला, “रावणासाठी हजार!” मागून लंकाबाई ओरडली, “नरसिंव्ह माझ्या लेकाचा, बाराशे!” (तिने दिले होते पन्नास, तेही तिसऱ्या खेपेला.) मग कोण ऐकतो! जज्जसाहेब टेबल वाजवताहेत, लोकांना वाटतंय बोली पक्की झाली. आमचे वकील डोकं धरून खाली बसले.

शेवटी साहेबांनी बेरीज केली. जप्त साडेबारा हजार, वर्गणी एकोणीस हजार. “वरचे साडेसहा हजार कुठे गेले?” असं विचारल्याबरोबर सगळं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं. धोंडीराम मिशीत हसत होता हो!

साहेबांनी मात्र पोतं मागवलं. झिपरूला म्हणाले, घाल बघू एक. झिपरूने नरसिंहाचं सोंग चढवलं, जबडा दोरीने बांधलेला, आणि एक हुंकार दिला. सगळं गाव उठून उभं राहिलं, हात जोडले. लंकाबाई तिथेच पाया पडली. आणि कोपऱ्यात उभ्या त्याच हवालदाराने टोपी काढून नमस्कार केला! (तो सुरगाण्याकडचा निघाला. त्याच्याही गावात बोहाडा असतो, मग आधी काय झालं होतं मेल्याला?)

साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, चोरीच्या पैशावर हक्क सांगायला टेम्पो भरून माणसं येत नाहीत. पैसे परत द्या. मात्र जो जो आकडा शपथेवर सांगितला, तो ज्याने त्याने देवळात भरायचा. धोंडीरामचं हसू जागच्या जागी सुकलं. दाजी, मला तिथेच नाचावंसं वाटलं.

ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
यादव

ता. क. : पैसे हातात पडायला कायम नोकरीवाला जामीनदार लागतो. आपल्या सगळ्या गोतावळ्यात पगारपत्रक असलेले तुम्ही एकटेच. सोमवारी रजा टाकून कोर्टात या.

ता. क. दुसरा : येताना दोन हजार घेऊन या. धोंडीराम रावणाला हजार बोलला तेव्हा माझा आकडा आधीच सांगून झाला होता, म्हणून मी तुमच्या नावाने ओरडलो, “आमच्या दाजींचे दोन हजार!” ते एकोणीस हजारांत धरलेले आहेत. रावण तुमचा झाला. गावाच्या जावयाला हा मान पहिल्यांदाच मिळतोय. रात्रभर नाचायचं असतं, म्हणून गुडघ्याचं विचारलं. ताईला मी काही कळवलेलं नाही.

ता. क. तिसरा : तुम्ही आला नाहीत तर खोट्या शपथेपायी मी आत जाईन आणि रावण धोंडीराम नाचवील. आत जायला माझी तयारी आहे, दाजी. दुसरं मला बघवणार नाही.