बोरीच्या जाळीतली शमी

आश्विन शुद्ध दशमी, पुणे

आज सणाच्या दिवशी मी धाकट्या भावाला, गोविंदाला, काठी मोडेपर्यंत मारलं.

मारवाडच्या लढाईत माझा मुलगा विठू ज्या शमीखाली पडला, तिची शेंग मी आणली होती. तिथल्या वाळूत पाहिलं होतं, शमीचं कोवळं रोप काटेरी झुडपाच्या पोटातच तगतं. झुडूप सावली धरतं, शेळीचं तोंड अडवतं. रोप वर वाढायची घाई करत नाही, आधी पाण्यासाठी मूळ खाली खाली सोडतं. म्हणून पर्वतीमागच्या माळावर बोरीच्या जाळीत बी लावलं. इतक्या वर्षांत रोप वीतभरच झालं होतं.

आणि गोविंदाने आज ती बोर तोडली! का, तर दसऱ्याला विठूच्या शमीची पूजा नीट व्हावी. सडा काय, रांगोळी काय! सीमोल्लंघनाहून परतणाऱ्या स्वारांना पुजलेली शमी दिसली आणि सोनं लुटायला सगळे तुटून पडले. पानं गेली, मग कोणीतरी रोपच उपटलं. मूळ हातभर बाहेर आलं आणि तुटलं.

मी पोचलो तेव्हा गोविंदा तिथेच ओणवा होता. म्हणाला, "दादा, मूळ अजून आहे खाली. पुन्हा फुटेल." मी ऐकलंच नाही. त्याची पाठ सोलली, कान फाटला, तरी त्याने हात वर केला नाही. का केला नाही? भित्रा तर तो नव्हे.

आत्ता आठवतंय. त्याचे दोन्ही तळवे त्या मुळावरच्या खड्ड्यावर पसरलेले होते. आणि मी त्यांच्यावरच पाय रोवून मारत होतो.