साडूंना दिलेली कादंबरी

४ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण पक्का. दर आठवड्याला एक कादंबरी. शाळासोबत्यांच्या 'पानोपानी' ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. ग्रुपमधल्या डेंटिस्टने लगेच विचारलं, मागच्या वर्षी किती झाल्या? उत्तर दिलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची त्याला सवयच आहे.

या आठवड्यासाठी 'मधला मजला' सुचवली. पाचशे बारा पानं. कव्हरचा फोटो टाकला, शेजारी माझा चष्मा आणि चहाचा कप. खाली लिहिलं, 'माणसाला आतून हलवून टाकणारी कादंबरी.' मागच्या कव्हरवर साधारण असंच आहे, पण शब्दांचा क्रम माझा. भराभर अंगठे आले.

ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही. घरी विचारतात ते गॅसचा नंबर लावला का म्हणून. ग्रुपवर मात्र मी 'मास्तर'. ही जबाबदारी आहे. उद्यापासून वाचायला सुरुवात.

५ जानेवारी, रविवार
पान ९. लेखकाने जिन्याचं वर्णन फार लांबवलं आहे. जिना चांगला आहे.

११ जानेवारी, शनिवार
साडूंचा वाढदिवस. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात हेड अकाउंटंट. पहिल्या दिवसापासून तीच नोकरी, तीच खुर्ची, फक्त उशी बदललेली. त्यांना 'मधला मजला'ची एक प्रत भेट दिली. पहिल्या पानावर लिहिलं, 'यात तुम्ही आहात.' ग्रुपमध्येही घेतलं त्यांना.

बायको म्हणाली, त्यांना शर्ट हवा होता. मी म्हणालो, शर्टाने माणूस बदलत नाही. ती म्हणाली, त्यांना बदलायला सांगितलंय कोणी?

पान १४.

१९ जानेवारी, रविवार
साडू खरंच वाचतायत! रोज ग्रुपवर लिहितात. आज लिहिलं, 'हा हेडक्लार्क म्हणजे मीच की हो.' मी उत्तर दिलं, 'पुढे बघा!' हे उत्तर कुठल्याही कादंबरीला चालतं. बँकवाली (शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची, आता बँकेत आहे) म्हणाली, मास्तरांनी माणूस नेमका हेरला.

माझं वाचन थोडं मागे. या आठवड्याची नवी कादंबरी रद्द. एकाच पुस्तकात खोल जायचं ठरवलं आहे.

२७ जानेवारी, सोमवार
साडू तीनशेव्या पानावर. तिथे म्हणे हेडक्लार्क कपाटाच्या किल्ल्या साहेबाच्या टेबलावर ठेवतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. साडूंनी त्या पानाचा फोटो टाकला, दोन ओळींखाली रेघ मारून. खाली लिहिलं, 'मास्तर, मीही किल्ल्या ठेवाव्यात म्हणतो. तुमचं काय मत?'

मी लिहिलं, 'काळजाचं ऐका.' डेंटिस्टने टाळ्या टाकल्या. बँकवाली म्हणाली, धाडस लागतं. ग्रुपवर इतकी उंच साहित्यचर्चा पूर्वी कधी झाली नव्हती.

२८ जानेवारी, मंगळवार
मेहुणीचा फोन. सुरुवात हसत. म्हणाली, भावोजी, हे काय पुस्तक दिलंत हो? माणूस ताटावर बसून खिडकीबाहेर बघत राहतो. मग हसणं थांबलं. साडूंनी राजीनामा टाइप करून ठेवला आहे. दुसरी नोकरी बघितलेली नाही. या वयात कोण देणार? मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून चालू. म्हणाली, ते फक्त तुमचं ऐकतात. पुढे त्या हेडक्लार्कचं काय होतं तेवढं सांगा त्यांना. वाईटच होत असेल ना?

मी म्हणालो, साहित्यात वाईट-चांगलं असं काही नसतं. ती म्हणाली, भावोजी, मी बुचांच्या कारखान्याबद्दल बोलतेय.

शब्द दिला की मी बोलतो त्यांच्याशी. बायको शेजारीच उभी होती. तिने विचारलं, तू पूर्ण वाचलंयस ना ते? मी म्हणालो, हा प्रश्नच अपमानकारक आहे.

पान २३. रविवारी साडूंकडे जायचं आहे, त्याआधी संपवणार. दिवसाला शंभर पानं. सहज होतील.

३० जानेवारी, गुरुवार
पान २३. ऑफिसात ऑडिट.

३१ जानेवारी, शुक्रवार
पान २४. पण हे पान फार महत्त्वाचं असणार. दोनदा वाचावं लागलं.

१ फेब्रुवारी, शनिवार
मार्ग काढला. डेंटिस्टला वेगळा मेसेज केला. शेवटाकडे तू कसं बघतोस, असं सहज विचारल्यासारखं. त्याचं उत्तर, 'तोच तर खरा प्रश्न आहे.' मग बँकवालीला विचारलं. ती म्हणाली, शेवट मला वेगळाच वाटला, मास्तर, तुम्हाला? मी म्हणालो, मलाही वेगळाच. दोघांनी किती बारकाईने वाचलंय! त्यांच्यापुढे आता कबूल करायची सोय राहिली नाही.

शेवटचं पान उघडून बघावं असं क्षणभर मनात आलं. पुस्तक हातात घेतलं. परत ठेवलं. शेवट आधी बघणाऱ्यांना मीच ग्रुपवर भुरटे चोर म्हटलं होतं. माझ्यातल्या वाचकाला हे शोभणार नाही. मेहुणीला समजावून सांगितलं तर तिलाही पटेल.

२ फेब्रुवारी, रविवार
बायकोसह साडूंकडे. ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, मांडीवर पुस्तक. साडेतीनशेच्या आसपास आहेत. संपण्याची वाट बघायची गरज नाही म्हणाले, मला कळलंय. फक्त एक सांगा, मास्तर. शेवटी तो सुखी होतो का?

मेहुणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. बायको माझ्याकडे बघतेय. 'नाही' म्हणावं तर साडू विचारणार, का, कसा, कुठल्या प्रकरणात? आणि खरंच सुखी होत असला तर? ग्रुपवर माझी काय शोभा राहील?

मी म्हणालो, ते तुमचं तुम्हीच शोधायला हवं.

साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. मेहुणीने ट्रे इतक्या जोरात ठेवला की बशीचा टवका उडाला. येताना गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. म्हणजे विषय मिटलेला दिसतो.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
रात्री नीट झोप नाही. कादंबरी न वाचताही एक गोष्ट सांगता येते, हे आज सुचलं! साडूंसाठी मेसेज लिहिला, 'घाई करू नका.' वाचून बघितला तर फार घरगुती वाटला. 'निर्णयाला मुरू द्या' केलं. ते लोणच्यासारखं वाटलं. डबा खाताना शांतपणे बघू.

दुपार
डबा उघडायच्या आत ग्रुपवर साडूंचा फोटो. साहेबाचं टेबल, त्यावर किल्ल्यांचा जुडगा. खाली एकच शब्द, 'ठेवल्या.'

डेंटिस्टच्या टाळ्या. बँकवालीने लिहिलं, मास्तर, हे तुमचं यश.

माझा मेसेज अर्धवटच होता. पुसला. आता पाठवणं बरं दिसलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी साडू पुस्तक घेऊन आले. दाढी वाढलेली. चहा नको म्हणाले. कादंबरी काल संपली. शेवटच्या प्रकरणात हेडक्लार्क त्याच ऑफिसच्या फाटकाशी परत येतो. वॉचमन ओळखत नाही. हातापाया पडल्यावर कामावर घेतात, ते त्याच्याच जुन्या असिस्टंटच्या हाताखाली.

साडू म्हणाले, पुस्तक मिटलं आणि तसाच कारखान्यात गेलो. काल हाफ डे होता, साहेब भेटले. त्यांनी खुर्ची दाखवली. तिच्यावर नवा माणूस बसलेला.

मग अगदी हळू आवाजात विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं ना?

'नव्हतं' म्हणालो तर मी न वाचता बोललो. 'होतं' म्हणालो तर समजून-उमजून त्यांना जाऊ दिलं. आतल्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र थांबलं.

मी म्हणालो, होतं. पण शेवट सांगायचा नसतो.

साडू उठले. मग चपला घालून जिना उतरले. पुस्तक टेबलावर राहिलं.

बायकोने बाहेर येऊन पुन्हा विचारलं, खरंच माहीत होतं? मी म्हणालो, खरंच. ती ताईकडे गेली आहे, दोन दिवसांसाठी म्हणाली. बॅग मोठी होती.

१० फेब्रुवारी, सोमवार
साडूंनी ग्रुप सोडला. डेंटिस्ट म्हणाला, पुस्तक पचायला वेळ लागतो काहींना. बँकवालीने विचारलं, मास्तर, पुढची कुठली?

घरात कोणी नाही. चहाचं आधण ठेवलं आणि टेबलावरची प्रत घेऊन शेवटचं प्रकरण काढलं. दीड पानाचं आहे. आधणाला उकळी यायच्या आत वाचून झालं.