दोनशे बारा फुटांवरचा झामा

शालुकजोड,
३ जानेवारी १९९७

चि. आदुरीस,
निवारणचे अनेक आशीर्वाद. मी इथे ठीक आहे. तूही ठीक असशील, कारण मघाशी तू अंगण सारवत होतीस. मी पाहिलं नाही, खराट्याचा आणि बादलीचा आवाज आला.

मायना काय लिहावा इथेच माझा अर्धा तास गेला. धाकट्या भावाच्या बायकोला जेठाने पत्र लिहिल्याचं आपल्यात मी कधी ऐकलं नाही. बोलायचं नाही, समोर यायचं नाही, हातात हात लागेल असं काही द्यायचं नाही, हे सगळं ठरलेलं आहे. लिहायचं नाही असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. म्हणणार कसं, तेव्हा तुमच्यात वाचणारं कोण होतं? तू साक्षरतेच्या वर्गाला जायला लागलीस तेव्हा मी खांबाला म्हणालो होतो, या वयात कशाला ही थेरं. आता तेच उपयोगी पडतंय.

आपल्या दोन दारांत बारा पावलं आहेत आणि हे पत्र मी बाजारात जाऊन पेटीत टाकणार आहे. उंबऱ्यावर ठेवलं असतं, पण कोंबड्या विस्कटतील. पोस्टमन हसेल, हसू दे.

फुली होती तोवर बरं होतं. ‘फुली, जेठांना विचार भात हवाय का.’ ‘फुली, आईला सांग पोट भरलं.’ तिचं लग्न झालं आणि आपली पंचाईत झाली. आता तू गाईला विचारतेस आणि मी खांबाला सांगतो. गाय बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघते.

असो. मुद्द्याचं लिहितो.

हाटाच्या माळावर जमिनीला भोक पाडायचं यंत्र उभं राहिलंय ते तू पाहिलंस. त्यावरच्या टोप्पो मॅडम रांचीकडच्या आहेत, वयाने आपल्या फुलीएवढ्या. परवा मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, “काका, तुम्ही तीस वर्षं कंपनीच्या दगडांच्या शेडमध्ये काढलीत. मला जरा मदत करा, ही पोरं कांड्या उलट्यासुलट्या लावतात.” यंत्र जमिनीतून दगडाच्या लांब गोल कांड्या वर काढतं आणि त्या लाकडी पेटीत ओळीने मांडायच्या असतात, हे माझ्या भावाने, षष्ठीने, तो होता तेव्हा तुला सांगितलं असेल. मी गेलो. घरी बसून तरी काय करतो.

गावात दोन तट पडलेत. खाली चांगला कोळसा निघाला तर गाव उठणार, खाण होणार, घरटी एकाला कंपनीत नोकरी. झामा निघाला तर गाव आहे तिथेच राहणार, नोकरीही नाही. पाणवठ्यावर बायका काय बोलतात ते मला कळतं, भिंतीला कान असतात आणि मी भिंतीलाच टेकून बसतो. तू मात्र काहीच बोलत नाहीस.

झामा तुला माहीत आहे. चुलीत घातला तर पेटता पेटत नाही आणि पेटलाच तर ना धूर ना ज्वाळा. पण तो असा का होतो ते मलाही इतकी वर्षं नीटसं कळलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं. फार फार पूर्वी, माणूस नव्हता तेव्हा, जमिनीच्या पोटातून वितळलेला दगड वर आला. शिलारस म्हणतात त्याला. कोळशाच्या थरात घुसला आणि हळूहळू निवाला. निवेपर्यंत आजूबाजूचं सगळं भाजून काढलं. कोळशातला तेलकटपणा, वायू, सगळं उडून गेलं आणि उरला तो राखाडी, कडक, भोकाभोकांचा झामा. वरचा वाळूचा दगडसुद्धा भाजून असा टणक होतो की हातोडी उडते. शिलारस जेवढा जाड, साधारण तेवढंच दोन्ही अंगांनी भाजलेलं, असं त्या म्हणाल्या. त्याच्या पलीकडे कोळसा तसाच्या तसा.

मी विचारलं, “म्हणजे एकाच थरात इथे झामा आणि तिथे चांगला कोळसा, असं होतं?”

“होतं ना. गोधडीला धावदोरा घालतात ना काका, तसा तो जातो. इथे वर, तिथे खाली. जिथे लांबून गेला तिथला कोळसा वाचला.”

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. गाईने तुला सांगितलंच असेल.

त्यांच्याकडे चौऱ्याहत्तर सालची एक वही आहे. तेव्हाही आपल्या माळावर एक भोक पाडलं होतं. त्यात लिहिलंय, दोनशे बारा फुटांवर झामा. अक्षर माझं आहे. आता चाळीस पावलांवर दुसरं भोक चाललंय. काय निघेल कळत नाही आणि काय निघावं हेही कळत नाही. वाचून फाडून टाक.

निवारण

———

शालुकजोड,
९ जानेवारी १९९७

चि. आदुरीस,
आशीर्वाद. पहिलं पत्र मिळालं हे मला कळलं, कारण त्या दिवशी तू गाईला काही विचारलंच नाहीस, नुसतं ताट सरकवलंस. उडदाच्या डाळीत मीठ नव्हतं. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

काल कांड्या वर आल्या. दोनशे नऊ फुटांवर झामा. मी माझ्या हाताने पेटीत मांडल्या. राखाडी, बारीक बारीक पेन्सिलींसारख्या फुटलेल्या. त्याखाली निवालेला शिलारस, त्यात अभ्रकाची चमक. शंकेला जागा नाही. मॅडम म्हणाल्या, “काका, तुमची वही बरोबर होती. दोन्ही भोकांत झामा. संक्रांत झाली की मी फाइल बंद करते, सुटलं तुमचं गाव.” माझ्या पाठीवर थाप मारली. पोरीची जात, पण साहेबासारखी थाप मारते.

मी तिथेच खाली बसलो. त्यांना वाटलं आनंदाने.

आता लिहितो. चारदा कागद फाडला आहे, हा पाचवा.

आदुरी, माझी वही बरोबर नव्हती. चौऱ्याहत्तर साली दोनशे बारा फुटांवर जे वर आलं ते काळंभोर होतं. बोटाला लागलं. काचेसारखं चकाकत होतं. तेव्हाचे साहेब तापाने फणफणले होते, तंबूत पडून म्हणाले, “निवारण, तू वाच, मी सही करतो.” आणि मी वाचलं, झामा. तोंडातून गेलं ते गेलं. मग शेडमध्ये जाऊन सात नंबरच्या भोकातला झामा आणून पेटीत मांडला. चांगल्या कांड्या पोत्यात भरून घरी आणल्या आणि लाकडाच्या ढिगामागे ठेवल्या, दुसऱ्या दिवशी बांधाखाली पुरीन म्हणून. दोन दिवस सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी पाहतो तर पोतं नाही. तेव्हापासून माझ्या मनात आहे की ते षष्ठीला सापडलं. त्याने कधी विचारलं नाही. मला बघून तो हसायचा ते साधं हसणं होतं की कळून हसणं होतं, हे मी बारा वर्षं ओळखू शकलो नाही. मग तो गेलाच.

का केलं, ते विचारशील. मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आई अंथरुणाला खिळली होती, म्हणायची मला याच मातीत जाळा. ते एक कारण. मी स्वतःला तेच सांगत आलो. पण जमीन बाबांच्या नावावर, नोकरी एकच मिळणार होती आणि मी आधीच कंपनीत होतो, म्हणजे ती षष्ठीची. नऊ वर्षं मी पेट्या वाहिल्या तेव्हा कुठे कायम झालो होतो. त्याला एका सहीत तेच मिळणार होतं. आदल्याच आठवड्यात भर हाटात तो मला म्हणाला होता, “दादा, मी लागलो की तुझ्या पेट्या उचलायला माणूस देईन.” सगळे हसले, मीही हसलो. ‘झामा’ म्हणताना माझ्या मनात आई होती की हाट होता, ते मला आजही कळत नाही. कधी वाटतं आई, कधी वाटतं हाट.

त्याला नोकरी मिळाली असती तर तो बंद पडलेल्या खाणीत कोळसा फोडायला गेला नसता. छत त्याच्यावर आलं नसतं. हे मी रोज सकाळी दात घासताना म्हणतो. मग दिवस सुरू होतो.

आणि आता हे. चाळीस पावलांवर खरोखरचा झामा. माझं डोकं चालत नाही. समजा सगळीकडे झामाच असेल तर मी खोटं बोलूनही खरंच लिहिलं आणि षष्ठीला नोकरी तशीही मिळणार नव्हती. मग मी तेवीस वर्षं कशासाठी कुढलो? की धावदोऱ्याने तेवढाच तुकडा वाचवला होता आणि तोच माझ्या हातात आला? की मी तेव्हाच पेट्या उलटसुलट केल्या, आणि काळंभोर जे आठवतंय ते दुसऱ्याच गावचं? माझं वय बासष्ट. काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. माझ्या आठवणीवर मीच विश्वास ठेवीत नाही, तू काय ठेवणार.

मॅडमना सांगावं का? सांगितलं तर त्या आणखी पाच-सहा भोकं पाडतील. कदाचित गाव उठेल. कदाचित काही निघणार नाही आणि म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील. नाही सांगितलं तर फाइल बंद, आणि मी सुटलो. पण सुटल्यासारखं वाटत नाही गं. तू म्हणशील तसं करतो. तुला विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो. उत्तर गाईजवळ सांगितलंस तरी चालेल.

तुझा अपराधी असलेला किंवा नसलेला,
निवारण

———

शालुकजोड,
१३ जानेवारी १९९७

श्री. बडठाकुर यांस,
आदुरीचा नमस्कार. जेठाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून बडठाकुरच लिहिते. दोन्ही पत्रं मिळाली. फाडली नाहीत. अक्षर वाईट आहे, वर्गात जोडाक्षरं आली तेव्हा भाताची कापणी होती. उद्या संक्रांत, तांदूळ वाटायचाय, म्हणून थोडक्यात लिहिते. हे पत्र मीही पोस्टातच टाकणार होते, पण मॅडम परवा जाणार, तोवर पोचायचं नाही. तुमच्या ताटाखाली ठेवते.

पोतं फुलीच्या बाबांना नाही सापडलं. मला सापडलं.

तुम्ही मधूनमधून शेडमधून तुकडे आणायचात, मला वाटलं तेच. सकाळी तीन कांड्या चुलीत घातल्या. झामा मी ओळखते, त्याला फुंकून फुंकून माझे डोळे लाल व्हायचे. हा एका फुंकरीत पेटला. एवढाली ज्वाळा, डांबराचा वास, हंडी काळीकुट्ट. भात अर्ध्या वेळात झाला. यांनी विचारलं, “आज एवढ्या लवकर?” मी म्हटलं, “लाकूड वाळलंय.”

संध्याकाळी ओसरीवर पुरुष बोलत होते, माळावर झामा लागला, गेली खाण. तुम्ही तिथेच बसला होतात, मान खाली घालून. मी दाराआड होते. मला सगळं कळलं.

तुम्हाला आठवण दगा देते म्हणता. मला नाही देत. तो चांगला कोळसा होता. धावदोरा वगैरे मॅडमला ठाऊक. चुलीचं मला ठाऊक.

मी का नाही बोलले, तर ऐका. तुमच्याशी बोलायचं नसतं हे खरं, पण नवऱ्याशी बोलायचं असतं. फुलीच्या आधीची माझी मुलगी चार महिन्यांची होऊन गेली. तिला माळाच्या कडेला सालाच्या झाडाखाली पुरलंय. तिचं नाव घरात कुणी घेत नाही, तुम्हीही दोन पत्रांत घेतलं नाही. तिचं नाव चिंता होतं. गाव उठलं असतं तर तिच्यावरून डंपर गेले असते. झामा म्हणताना ऐकलं तेव्हा मला आनंद झाला, बडठाकुर. तुमचं पाप आहे हे कळूनही झाला. उरलेल्या कांड्या मी दोन दिवसांत जाळून टाकल्या, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. पोतंसुद्धा जाळलं.

मग बारा वर्षांनी यांना बंद खाणीतून खाटेवर आणलं. बायका म्हणाल्या, काय रडते, नवऱ्यावर किती जीव होता. जीव होताच. पण मी कशाने रडत होते ते फक्त चुलीला माहीत होतं.

तेव्हा तुम्ही एकट्याने कुढत बसू नका. तुम्ही बोललात, मी जाळलं. तुम्हाला कारण सापडत नाही म्हणता, मला माझं पक्कं माहीत आहे, त्याने काही हलकं होत नाही.

मॅडमना सांगायचं. तुम्ही एकटे गेलात तर म्हातारा बरळतो म्हणतील, म्हणून मी येते. कांडी पेटताना मी पाहिली आहे, तेवढी साक्ष पुरे. सालाचं झाडही त्यांना दाखवीन. मग त्यांनी भोकं पाडावीत की नाही आणि गावाने उठावं की राहावं, ते दिवसाउजेडी सगळ्यांनी ठरवावं. आपण दोघांनी गप्प राहून एकदा ठरवलं, ते पुष्कळ झालं. बुधवारी सकाळी मुडी-कुरमुरे खाऊन निघू. तुम्ही पुढे, मी मागे असं नको. लोक बघतील तर बघू देत.

पत्राखाली ‘षष्ठीपद महतो यांची विधवा’ असं लिहायला वर्गात शिकवलं होतं. तीनदा लिहून पाहिलं. आज हात चालत नाही. नुसतीच,

आदुरी