भाऊजी, वीज फुकट कशाला दिलीत?

ती. भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? (ताई म्हणते, दुखते. परदेशी साहेबांपुढे इतकं वाकल्यावर दुखणारच.) माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

तुम्ही तुमच्या जिल्ह्याचे गुंतवणूक अधिकारी, मी शेजारच्या जिल्ह्याचा, आणि मध्ये ते साहेब, पंपांचा कारखाना कुठे काढू म्हणत फिरणारे. कारखाना इकडे आला नाही तर माझं कार्यालय बंद होऊन माझी बदली जुन्या फायलींच्या तळघरात (तिथे पंखासुद्धा नाही) होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी मी जमीन निम्म्या भावात म्हटलं की तुम्ही फुकट! मी पाच वर्षं कर माफ केला की तुम्ही दहा! मग मीही इरेला पेटलो आणि पाणी फुकट देऊन टाकलं (आमच्या नळाला ते सकाळी जेमतेम अर्धा तास येतं, पण दिलं), तर तुम्ही वीज! शेवटी मी साहेबांच्या कुत्र्याला बागेची हमी दिली. साहेबांकडे कुत्रा नाही, हे मागाहून कळलं. मला वाटायचं, तुमच्या आतल्या बातम्या मी ताईकडून किती शिताफीने काढतो! आणि तुम्ही रोज जेवताना तिच्याकडून माझ्या काढत होता. बिचारी भावाला नाही म्हणेना, नवऱ्यालाही नाही म्हणेना.

खरी मजा काल झाली. साहेबांनी तुमच्या घरी फोन केला तेव्हा तुम्ही अंघोळीला गेला होता. त्यांनी ताईलाच विचारलं, कुठला जिल्हा बरा? ती म्हणाली, “दोघं जे फुकट देतायत ना, ते दोघांकडेही नाहीये. वीज दुपारी जाते, पाणी उन्हाळ्यात आटतं, आणि एका सहीला दोघंही महिना लावतात.” हे तिनेच मला सांगितलं, आणि मी हसता हसता खुर्चीवरून पडलो. इथे आल्यापासून मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर, असं साहेब म्हणाले म्हणे.

तुमचा लाडका (अजून असलो तर)
मेहुणा

ता. क. साहेबांनी ताईलाच कारखान्याची व्यवस्थापक नेमलंय. जागा आता तीच ठरवणार. तुम्ही तिच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकाल, या आशेवर हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा. आत्ताच ताईचा फोन आला. तुमचा अर्ज तिला सकाळीच मिळालाय, वर ‘माननीय महोदया’! भाऊजी, घरच्या बायकोला?

ता. क. तिसरा. मंगळवारी दुपारी ती आमच्याकडची वीज बघायला येतेय. तुमच्या कार्यालयातला जनरेटर एक दिवस उसना द्या. ताईला अजिबात कळू देऊ नका. (माझ्या तोंडून मघाशी फोनवर निघून गेलंय.)