ग्राहक उपलब्ध नाही

२ एप्रिल
आज ठरवलं. इथून पुढे माझ्या हातून जेवणाची एकही ऑर्डर वाया जाणार नाही.

कंपनीचा नियम असा : ग्राहक फोन उचलत नसेल तर दोनदा लावा, मेसेज टाका, दहा मिनिटं थांबा. मग ॲपमधलं ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हे बटण दाबा आणि मोकळे व्हा. एसीत बसून केलेला नियम आहे. मी बावीस वर्षं ठिबकच्या नळ्या विकल्या, असोद्यापासून शिरपूरपर्यंत. तेव्हा शेतकऱ्याकडे फोन कुठे होता? तरी माणूस सापडायचा. पारावर विचारायचं, टपरीवर विचारायचं, नाहीतर सरळ बांधावर उभं राहून हाक मारायची. तीच पद्धत जळगाव शहरात चालू करतो आहे. एवढा अनुभव कंपनीला फुकटात मिळतोय याची कंपनीला अजून कल्पना नाही.

कोकिळाला सांगितलं. म्हणाली, सांगितलंय तेवढंच करा ना. ॲपवरचा आयडी बंद झाला तर पुन्हा पाचोऱ्याला, ईश्वरच्या दुकानात.

ईश्वर तिचा भाऊ. भांड्यांचं दुकान. मागच्या वर्षी चार महिने बसलो तिथे. गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, “दाजी, जरा ती पातेली पुसून ठेवा.” त्यापेक्षा हे त्रेचाळीस डिग्री ऊन बरं. निदान ऊन मला दाजी म्हणत नाही.

४ एप्रिल
पद्धत यशस्वी. रुपचंद नावाचा ग्राहक. शेवभाजी, भाकरी. फोन वाजतोय, उचलत नाही. पानाच्या टपरीवर चौकशी केली, चौथ्या मिनिटाला सलूनमध्ये सापडला. एका गालावर फेस. शेवभाजी मांडीवर ठेवली. त्यानं दचकून मान वळवली, जरा ब्लेड लागलं. किरकोळ.

रेटिंग एक स्टार. बोट ओलं असल्यामुळे पुढचे चार दाबले गेले नसावेत.

५ एप्रिल
रुपचंदची तक्रार. पहिली वॉर्निंग. सपोर्टची मुलगी फोनवर म्हणाली, ज्ञानेश्वरजी, ग्राहकाला शोधायला जायचं नसतं. तिला पद्धत समजावून सांगायला लागलो तर लाईन कट झाली. नेटवर्क.

‘न सापडणारा ग्राहक : सात पायऱ्या’ अशी पुस्तिका लिहून कंपनीला द्यावी म्हणतो. ट्रेनर म्हणून घेतील. पहिल्या दोन पायऱ्या लिहून झाल्या.

८ एप्रिल
चिंधा नानांकडे आज सलग चौथा दिवस. वय ब्याऐंशी, मूळ धुळ्याकडचे, एकटे राहतात. जेवण मुलगा पुण्याहून मागवतो, त्यामुळे ॲपवर नंबर त्याचाच. आणि तो कायम मीटिंगमध्ये. नानांचे गुडघे गेलेले. बेल वाजवली तर दारापर्यंत यायला पंधरा मिनिटं. नियमाप्रमाणे गेलो तर म्हातारा रोज उपाशी.

माझी पद्धत : मागचं दार उघडंच असतं. आत जायचं, हाक मारायची. नाना म्हणतात, “ये रे भाऊ, बठ, पानी पी.” मग डबा उघडून बघतात. मूगखिचडी. “बठ्ठं फिकं शे. हाई जेवन शे का औषध?” सगळंच फिकं म्हणे.

उद्या कोकिळाचा ठेचा नेणार. थोडासाच.

१० एप्रिल
दुसऱ्या मजल्यावरच्या हेमलताताई फोन उचलेनात. शेजारी द्यायची आपल्याकडची रीत. समोरच्या बाईंकडे पार्सल दिलं. त्याही हसून म्हणाल्या, द्या की.

नंतर कळलं, दोन्ही घरांत कपडे वाळत घालायच्या तारेवरून सहा वर्षं बोलणं नाही. समोरच्या बाईंनी पनीर गॅलरीत नेऊन कावळ्यांना घातलं, तेही हेमलताताईंना खिडकीतून दिसेल असं.

दुसरी वॉर्निंग. पाचोऱ्याच्या गाडीची वेळ कोकिळानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवली आहे. सहज लिहिली असेल.

१३ एप्रिल
नानांनी आज खिचडी पूर्ण संपवली. ठेच्याची करामत. निघताना हात धरून म्हणाले, “दुफारले तू येस ना, तवढंच बरं वाटस.” पुस्तिकेत एक पायरी वाढवावी लागणार.

१६ एप्रिल, सकाळी
नानांच्या मुलाची तक्रार. नानांनीच त्याला कौतुकानं सांगितलं म्हणे, की एक भला माणूस रोज येतो, जवळ बसतो, ठेचा देतो. मुलगा म्हणतो, अनोळखी माणूस मागच्या दारानं घरात शिरतो, बीपीच्या पेशंटला तिखट खाऊ घालतो.

ही शेवटची संधी. आणखी एक तक्रार आली की आयडी कायमचा बंद.

संध्याकाळी
वाईट वाटलेलं नाही. फक्त नोंद. बावीस वर्षं दारोदार फिरलो, कुणी अनोळखी म्हणालं नव्हतं. ठीक आहे. नियम पाहिजे ना? घ्या नियम. इतका नियम पाळीन की कंपनीच म्हणेल बस करा.

१७ एप्रिल
नानांकडे पुढच्या दारानं गेलो. बेल वाजवून पायरीवर उभा राहिलो. नाना भिंत धरत धरत चौदाव्या मिनिटाला आले. म्हणाले, “मागल्या दारले काय झालं?” मी म्हणालो, कंपनीचा नियम. नाना म्हणाले, कंपनीले गुडघा शेत का? डबा हातात ठेवला. ठेचा खिशात होता, दिला नाही.

चौदा मिनिटं थांबलो, ही चूक झाली. दहाच थांबायला हवं होतं.

२१ एप्रिल, दुपारी दोन
नानांची ऑर्डर. पुढचं दार. बेल. मुलाला दोन फोन, उचलले नाहीत. मेसेज टाकला. मोबाईलवर टायमर लावला. ऊन असं की हेल्मेटचा पट्टा हनुवटीला चटके देत होता.

आतून कसला तरी आवाज आला. कूलर असणार. एप्रिलात जळगावात प्रत्येक घरातून आवाज येतो. एकदा वाटलं मागे जाऊन बघावं. फाटकापर्यंत गेलोही. पण शेवटची संधी म्हणजे शेवटची संधी. परत फिरलो.

दहा मिनिटं पूर्ण. बटण दाबलं. ॲपवर हिरवी टिक आली, ‘धन्यवाद, पुढची ऑर्डर घ्या’. इतकं सोपं होतं. उगाच तीन आठवडे पळत होतो.

अशा जेवणाचं काय करायचं ते रायडरवर असतं. लिंबाच्या सावलीत बसून खिचडी खाल्ली. खरंच फिकी होती.

२२ एप्रिल
नानांची ऑर्डर नाही. मुलगा आला असेल भेटायला.

२४ एप्रिल
नाही. पुण्याला घेऊन गेला असेल. बरंच आहे, उन्हाळा आहे.

या आठवड्यात एकही तक्रार नाही. ॲपवर ‘आदर्श पार्टनर’ म्हणून सोनेरी बिल्ला आला. कोकिळाला दाखवला. तिनं विचारलं, नाना कसे आहेत? म्हटलं, मजेत. कॅलेंडरवर लिहिलेली गाडीची वेळ तिनं खोडली.

२७ एप्रिल
नानांच्या शेजारी ऑर्डर होती, मंजुळाबाईंकडे. पहिल्या रिंगला फोन उचलला. नानांच्या दाराला कुलूप. सहज विचारलं.

मंजुळाबाई दारातच उभ्या राहून सांगायला लागल्या. एकवीस तारखेला नाना सकाळीच न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. संध्याकाळी पाचला दूधवाला मागच्या दारानं आत डोकावला, तेव्हा कळलं. मुलगा आला, ॲम्ब्युलन्समधून पुण्याला घेऊन गेला. आता पुन्हा चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

स्ट्रेचरवरसुद्धा नाना एकच सांगत होते म्हणे. दुपारी बेल वाजली, तो आला होता, मी किती हाका मारल्या. रोज आत येतो, आज कसा आला नाही?

मग मंजुळाबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, “भाऊ, ते मागच्या दारानं यायचे ते तुम्हीच ना?”

मी म्हणालो, नाही. तो दुसरा.