क्लिफर्डच्या कार्डिगनची बारा बटणं

बेकप, लँकशायर
मंगळवार

प्रिय नणंदबाई हेस्टर हिला मेव्हिसचा सप्रेम नमस्कार. तिकडे मोरकॅमला समुद्राची हवा आणि तुझा गुडघा दोन्ही ठीक असतील, अशी आशा आहे. इकडे मी मजेत आहे. (हे वाक्य खोडणार होते. आमच्या वकीलबाई मिस प्रिचर्ड म्हणतात, दाव्याचा निकाल लागेपर्यंत 'मजेत' हा शब्द कुठेही लिहू नका. पण मग पत्र सुरू तरी कसं करायचं?)

तुझ्या भावाला जाऊन चौदा महिने झाले. दावा कुठवर आला, असं विचारतेस, म्हणून सांगते. शवचिकित्सेत निघालं की त्याच्या हृदयाची झडप बऱ्याच दिवसांपासून आकसत आली होती. छातीला नुसता स्टेथोस्कोप लावला असता तरी कळलं असतं, असं आपल्या बाजूच्या तज्ज्ञांचं म्हणणं. क्लिफर्ड आठ महिन्यांत पाच वेळा डॉक्टर ऑल्डरसनकडे गेला आणि पाचही वेळा पित्ताच्या गोळ्या घेऊन आला. आता दवाखान्यातल्या नोंदी हाती आल्यात. प्रत्येकीची पहिली ओळ तीच: 'रुग्ण म्हणतो, मजेत.' अगं, म्हणणारच! डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारलं की हा म्हणायचा, "मजेत, आभारी आहे. आपण कसे आहात?" मग डॉक्टर आपली पाठदुखी सांगायचे आणि तपासणीच्या दहा मिनिटांतली चार त्यातच जायची. (क्लिफर्डने एकदा त्यांना गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली होती.) शेवटी उठता उठता हा म्हणायचा, "चढावर जरा दम लागतो, छातीत आवळतं, पण तसं काही विशेष नाही." समोरची बाजू याच वाक्यावर ठाण मांडून बसली आहे.

दुसरं म्हणजे कपडे. डॉक्टरकडे जायचं म्हणजे इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि वर मी विणलेलं बारा बटणांचं कार्डिगन. तिसऱ्या खेपेला डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावून उठलेसुद्धा होते. क्लिफर्डने वरचं बटण चाचपलं आणि म्हणाला, "राहू द्या डॉक्टर, बाहेर माणसं खोळंबलीत." आणि त्यांनी राहू दिलं. हेस्टर, ती बटणं मी फार घट्ट शिवली होती. इतके महिने मी त्यांनाच दोष देत होते. परवा मिस प्रिचर्डनी तज्ज्ञांचा अहवाल वाचून दाखवला: बटणं काढायला एक मिनिट लागतं, आणि ती काढायला सांगणं हे डॉक्टरचं काम आहे. मी तिथेच मोठ्याने रडले. मग त्यांचे कागद ओले केल्याबद्दल माफी मागितली.

शुक्रवारी माझ्या जबाबावर सही करायची आहे. त्यातली एक गोष्ट तुला आधी माझ्याकडून कळायला हवी. पाचव्या खेपेला मी सोबत होते. वाटेत तो चॅपलच्या भिंतीवर तीनदा टेकला, ओठ निळे पडले होते. ते सांगायला मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मी म्हणाले, "खिडकीतले बेगोनिया छान फुललेत हो." नवऱ्याला दुसऱ्यांसमोर खोटं पाडायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. अकरा दिवसांनी तो गेला. तू त्याची बहीण आहेस, रागावलीस तर मी काही बोलणार नाही. मिस प्रिचर्ड म्हणाल्या, "खरं असेल ते सगळं लिहा." मी लिहिलंय, बेगोनियासकट. स्टेथोस्कोप लावायला हवा होता, एवढं डॉक्टरांनी एका कागदावर लिहून द्यावं. मला दुसरं काही नको.

तुझी,
मेव्हिस

ता. क. कार्डिगन पाठवू का? समुद्राच्या वाऱ्याला उपयोगी पडेल. बटणं काढून चेन लावली आहे.

आणखी एक ता. क. हल्ली मलाही त्या भिंतीवर टेकावं लागतं. पुढच्या बुधवारी सकाळी नऊ वीसची वेळ मिळाली आहे (दवाखाना तोच, डॉक्टरीणबाई नव्या). एकटी गेले तर मी काय बोलेन, ते तुला ठाऊक आहे. तू येशील? त्यांनी "कशा आहात?" विचारलं की माझ्या आधी तू बोल.

शेवटचा ता. क. गुडघा दुखत असेल तर मुद्दाम येऊ नकोस. तसं काही विशेष नाही.