झाकणावरचं हळदीचं बोट

हैदराबाद,
दसऱ्यानंतरचा नववा दिवस

तीर्थस्वरूप मामय्या,

इथूनच तुमच्या पायांना हात लावते. गुडघा कसा आहे? (दुखत असला तरी तुम्ही निजामाबादच्या हळद बाजारात दिवसभर उभेच असणार.) परवा फोनवर तुम्ही विचारलंत, अम्मम्मा आजीचे हात थरथरायचे कधी थांबतील? मामय्या, मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवीधर असूनही येत नाही. मागच्या आठवड्यात मात्र येतंय असं वाटलं होतं, आणि ते मी तुम्हाला ओरडून सांगितलंही. त्याचीच ही हकीकत.

अम्मम्माच्या आजारात मेंदूतल्या पेशींना आपल्या आतला केर जिरवता येत नाही, त्याच्या गाठी होतात. आम्ही तशा पेशींना बशीत वाढवून एक नवं औषध देतो. केर जिरू लागला की नव्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकायला हवेत. आठ महिने नुसता अंधार होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघते तर तळ्यात फुलांचे बतुकम्मा सोडावेत तसे ठिपकेच ठिपके! मी अशी उडी मारली की चष्मा पडला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी माझी चित्रं परिषदेच्या भाषणात घातली. तुम्ही बाजाराच्या फाटकावर माझ्या अभिनंदनाचा फलक लावलात.

मग मी प्रयोग पुन्हा केला. औषध न घातलेली बशीही चमकली. पेशीच नसलेली बशीसुद्धा चमकली! शेवटी पेशींच्या खाद्याची बाटली हातात घेतली, तर झाकणावर पिवळं बोट. आयुधपूजेला मी तुम्ही पाठवलेली हळद सगळ्या यंत्रांना लावली होती, आणि पेशींना जगवते ती बाटली तरी का सोडा, म्हणून तिलाही; झाकण उघडताना तिचेच कण आत पडत होते. (निळ्या प्रकाशात हळद हिरवी चमकते, हे लिहून मी परीक्षेत गुण मिळवलेत.)

मॅडम म्हणाल्या, "अगं, पूजा हत्यारांची असते. जेवणाच्या डब्याला कुणी हळद लावतं का?"

आमची यंत्रं पुसणारे यादगिरी अण्णा म्हणाले, "वीस वर्षं मी लावतोय, माझ्या हळदीनं कधी शोध लावला नाही. कुठली ही?"

"माझ्या मामांची. निजामाबादची."

"तरीच!"

चित्रं भाषणातून काढली गेली. पण मामय्या, हळदीचा कण दिसतो म्हणजे हे यंत्र काहीही लपू देणार नाही! खरा ठिपका आला की तोही दिसेलच. कालपासून मी नव्या बाटलीनं पुन्हा सुरुवात केली आहे.

तुमची भाची,
स्रवंती

ता. क. तो फलक कृपा करून उतरवा.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच. तुमच्या बायकोनं, माझ्या अत्तानं, फोनवर सांगितलं की "नात औषध घेऊन येतेय" म्हणून अम्मम्मानं सोमवारपासून गोळ्या बंद केल्यात. तुम्ही तिच्याशी कसं बोलावं हे लिहायला बसले होते, पण धीर धरवला नाही. आज सकाळी मीच फोन करून तिला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी शिकलीस आणि झाकण पुसायचं कळलं नाही?" आणि माझ्या कानावर पडेल अशा आवाजात पाण्याचा घोट घेऊन तिनं गोळी गिळली.